खळ्याला वळसा घालणारी रेघ

मंगळवारी सकाळी माझी पत्नी ऑफिसला जायला निघाली. जिन्यातच ती मटकन खाली बसली. शेजाऱ्यांनी आणि मी तिला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी तपासलं आणि ती गेल्याचं सांगितलं. तिच्या खांद्याला नकाशाची नळी होती. ती मी घरी आणली.

नळीत ठाण्याच्या खाडीचा नकाशा होता. त्यावर दोन रेघा होत्या, एक निळी आणि एक तांबडी. दोन्ही ठाण्याच्या बाजूने सुरू होऊन खाडीच्या तळाखालून पलीकडे निघत होत्या. निळी ठरलेली होती. तांबडी ती त्या दिवशी दुपारी मीटिंगमध्ये मांडणार होती. निळी कायम राहिली तर खाडीकाठच्या एका कोळीवाड्याचं मासळी सुकवायचं खळं जाणार होतं. तांबडी मान्य झाली तर ते वाचणार होतं. आणि जे काय होईल ते कोळीवाड्यात जाऊन स्वतः सांगायचं तिने कबूल केलं होतं.

हे नीट कळायला थोडं मागे जावं लागेल.

माझी पत्नी भूगर्भशास्त्र शिकलेली. ठाण्यात एका खासगी कंपनीत ती बोगद्यांच्या आखणीचं काम करायची. मी डोंबिवलीतल्या एका कॉलेजच्या ग्रंथालयातून निवृत्त झालो. कोणाकडे गेलो आणि बोगद्याचा विषय निघाला की लोक माझ्याकडे बघून बोलायचे, पुस्तकांचा निघाला की तिच्याकडे. सुरुवातीला आम्ही दुरुस्ती करायचो. पुढे सोडून दिलं. मी बोगद्यांबद्दल मान डोलवायचो आणि ती कादंबऱ्यांबद्दल.

तिच्या शेवटच्या कामाचं ऑफिसातलं वर्णन ‘बेट मुख्य भूमीशी जोडण्यासाठी समुद्राखालील बोगदा’ असं होतं. ते तिने पहिल्यांदा सांगितलं तेव्हा माझी मोठी बहीण पोहे खात आमच्याकडे बसली होती. ताई आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहते.

“कुठलं बेट?” ताईने विचारलं.

“ठाणं,” पत्नी म्हणाली.

“ठाणं बेट आहे?”

“ठाणं, मुंबई, सगळं मिळून. वरून उल्हास नदी जाते वसईच्या खाडीला, इकडून ठाण्याची खाडी, पलीकडे समुद्र. मधलं ते बेट.”

ताईने बशी खाली ठेवली. “आणि आपण?”

“आपण जमिनीवर. कळव्यापासून पुढे सगळी जमीनच.”

“म्हणजे डोंबिवली जमिनीवर आणि ठाणं पाण्यात.”

“भूगोलाच्या दृष्टीने.”

“मला कुठलीही दृष्टी चालेल. माझी जाऊ ठाण्याची. दर दिवाळीला म्हणते, ‘बाई गं, किती लांब राहता!’ अगं, चहूकडून पाणी तुला आणि लांब मी?”

त्या दिवाळीला ताईने जावेला हे सांगितलं. जावेने विश्वास ठेवला नाही. ठाण्यातल्या कोणीच ठेवत नाही. कळव्याच्या पुलावरून रोज जाणारी माणसंही आपण बेट सोडतोय असं मनात आणत नाहीत.

‘समुद्र’ या शब्दाबद्दल मीच तिला विचारलं होतं. खाडीला समुद्र कसं म्हणायचं? ती म्हणाली, पाणी समुद्राचंच आहे, भरती-ओहोटी समुद्राचीच आहे. शिवाय तिच्या साहेबांचं म्हणणं असं होतं की खाडी म्हटलं की प्रत्येक जण ‘पूल बांधा की’ म्हणतो. समुद्र म्हटलं की माणसं गप्प बसतात आणि पुढचं ऐकून घेतात.

बोगदा खणायच्या आधी कितीतरी वर्षं तो नुसती रेघ असतो. तिचं काम त्या रेघेचं. खाडीच्या तळाशी आधी चिखल, मग मऊ माती, मग कुजका दगड आणि त्याखाली काळा पाषाण. बोगदा पाषाणातून गेला पाहिजे. पाषाण कुठे वर येतो आणि कुठे खोल जातो हे वरून दिसत नाही. म्हणून तराफ्यावर यंत्र ठेवून ठिकठिकाणी बोअर मारतात आणि दगडाचे नमुने वर काढतात. मला समजावताना तिने कुकरमधून ढोकळ्याचं भांडं काढलं आणि त्यात सुरी खुपसली. सुरी कोरडी निघाली तर ढोकळा झाला. “आम्ही हेच करतो,” ती म्हणाली. “फक्त ढोकळा आम्हाला दिसत नाही.”

बोगद्याला काठावर एक मोठी विहीरही लागते. तिच्यातून यंत्र खाली उतरवतात आणि खोदलेला दगड वर काढतात. ऑफिसात तिला शाफ्ट म्हणतात. कोळीवाड्यात पुढे तिला ‘भोक’ हे नाव पडलं.

निळ्या रेघेचा शाफ्ट खळ्यावर आला तो एका साध्या चुकीने. काठाचे फोटो ड्रोनने काढले ते श्रावणातल्या एका उघडिपीत. आषाढापासून नारळी पौर्णिमेपर्यंत बोटी बाहेर पडत नाहीत आणि सुकवायला काही नसतं. त्यामुळे फोटोत खळं रिकामं होतं. एका बाजूला निळं प्लास्टिक अंथरलेलं, बाकी सपाट जमीन. कोणीतरी त्यावर ‘मोकळी जागा’ असं लिहिलं. पावसात मासळी वाळत नाही हे ऑफिसातल्या कोणाला माहीत नव्हतं असं नाही. त्या वेळी कोणाला आठवलं नाही, एवढंच. माझ्या पत्नीलाही नाही. शाफ्टची खूण तिनेच केली होती.

नारळी पौर्णिमा झाली, बोअर मारायचा तराफा आला आणि काम थांबलं. तराफा ओढायला कोळीवाड्यातल्या बोटी ठरवल्या होत्या. बोटवाले म्हणाले, खाडीत काही रोवायचं तर आधी गावदेवीची ओटी भरा. साहेबांनी पत्नीला बोलावून सांगितलं, “मॅडम, हे तुमच्याकडे.” तोवर त्या कामात तिच्या बाई असण्याचा ऑफिसला काही उपयोग झालेला नव्हता.

ती देवधर्म करणारी नव्हती. ताईने खण, नारळ, तांदूळ, हळदकुंकू, वेणी अशी पिशवी भरून दिली आणि मला सोबत पाठवलं, कारण या बाबतीत तिचा माझ्या पत्नीवर भरवसा नव्हता. माझ्यावरही नव्हता, पण दोघं मिळून निभावू असं तिला वाटलं.

देऊळ खळ्याच्या कडेला आहे. आम्ही पोचलो तेव्हा खळंभर जवळा, म्हणजे अगदी बारीक कोळंबी, पसरलेला होता. गुलाबीसर, बारीक, पायाखाली येईल इतका जवळ. एका बाजूला सोललेल्या कोळंबीचे सोडे वाळत होते. काठाला एक बोट उलटी घालून रंगवायला काढली होती. चार बायका खराट्याने जवळा वरखाली करत होत्या. पत्नी खळ्याच्या तोंडाशी उभी राहिली. तिने फोनवर नकाशा काढला, समोर पाहिलं, परत फोनकडे पाहिलं.

“ही मोकळी जागा,” ती मला म्हणाली.

 

देवळाची किल्ली एका मावशींकडे होती. सकाळी बाजारात मासळी विकायची आणि दुपारपासून देऊळ सांभाळायचं असा त्यांचा दिवस. त्यांनी पत्नीला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

“तूच का गो ती भोकवाली?”

“हो.”

“मना वाटला कोन मोठा सायब येल.”

“साहेबांना ओटी भरता येत नाही.”

मावशी हसल्या. “मंग यांना कशाला आनलास? यांना येते?”

“पिशवी धरायला,” पत्नी म्हणाली.

“बरा केलास. चपला तिकरं काढा. जवल्यावर पाय देव नका.”

तिने ओटी भरली. ताईने सांगितलेलं सगळं तिच्या लक्षात होतं. तांदूळ मात्र तिने एकदम ओतले. मावशींनी तिचा हात धरून पुन्हा, सावकाश, ओंजळीने घालायला लावले. मग देवीच्या पायाचं कुंकू तिच्या कपाळाला लावलं आणि म्हणाल्या, “आता तू गावची लेक. गावदेवीची ओटी भरली का ती लेकच झाली आमची. लेकीला आमी रिकामी धारत नाय.” आणि एका मोठ्या पिशवीत जवळा भरून दिला.

मग आम्ही देवळाच्या पायरीवर बसलो. मावशी खळ्याकडे बघत बोलू लागल्या. खाडीत आता पूर्वीसारखी मासळी नाही, निम्मा माल भाऊच्या धक्क्यावरून आणावा लागतो. पण सुकवायला इथेच. इथल्या बायकांचं पावसाळ्यातलं खाणं या जमिनीवर उन्हाळ्यात वाळतं. गावातल्या पोरांच्या हळदी इथे होतात, कारण दुसरी एवढी जागा नाही.

“आता लेक म्हनून इचारते,” मावशी म्हणाल्या. “आमचा खला रवेल का जाईल?”

“आत्ता कागदावर जातंय,” पत्नी म्हणाली. “मी दुसरी जागा शोधीन. मिळेलच असं नाही.”

मला वाटलं, हे थोडं गोड करून सांगायला हवं होतं. मावशींना तसं वाटलं नसावं.

“काय ठरंल ते तू येऊन सांग. दुसऱ्या कोनाला धारू नको. कागद बी नको. कागद आमचेकरं सगला झाल्यावर येतं.”

“मीच येऊन सांगीन.”

एवढंच. दुसऱ्या दिवशी बोटींनी तराफा ओढून नेला.

तो जवळा डोंबिवलीत आणणं हा वेगळा प्रसंग होता. आमच्या इमारतीत मासळी खाणारे थोडे, आणि जे आहेत ते खिडक्या लावून खातात. आमच्या घरात तर ती कधी शिजलेलीच नव्हती. पत्नीने पिशवी डब्यात घालून डबा गॅलरीत ठेवला. संध्याकाळी सोसायटीचे सेक्रेटरी आले.

“काही मेलंय का हो तुमच्याकडे? उंदीर वगैरे?”

“नाही,” पत्नी म्हणाली. “माहेरहून आलंय.”

सेक्रेटरी गेले. ताई नाकाला पदर लावून उभी होती. “तुझं माहेर कल्याणला होतं. तिथे श्रावणात अळूचं फदफदं व्हायचं. हे कुठलं नवीन माहेर काढलंस?”

“ताई, ते तरी आता कुठे आहे?”

ताईने नाकावरचा पदर काढला. पत्नी एकुलती एक. आई-वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि कल्याणचं घर विकलेलं होतं. गौरी-गणपतीला, भाऊबीजेला तिच्याकडे माहेरचं म्हणून येणारं कोणी नव्हतं. त्याबद्दल ती कधी बोलली नाही आणि मीही काढलं नाही.

तिने मावशींना फोन करून जवळ्याची चटणी कशी करायची ते विचारून घेतलं. मी खाल्ली. खारट होती. ती म्हणाली, चुकलीय, आधी धुवायला हवा होता. पुढच्या वेळी धुतला. दर थोड्या दिवसांनी पिशवी यायची. कधी जवळा, कधी सोडे, एकदा जिवंत चिंबोऱ्या, ज्या मी मागच्या दाराने परत खाली नेऊन वॉचमनला दिल्या. सेक्रेटरींनी पुन्हा विचारलं नाही. जिन्यात भेटले की श्वास रोखून नमस्कार करायचे.

दुसरी जागा शोधायला तिला वर्ष लागलं. रेघ हवी तशी वळवता येत नाही. बोगद्यातून गाडी चालवणाऱ्याला वळण जाणवता कामा नये. एका बाजूला खारफुटी होती, तिला हात लावता येत नाही. दुसऱ्या बाजूला शाळा. तिसरीकडे इमारती, ज्यांच्या पायाची कोणालाच खात्री नव्हती. सुट्टीच्या दिवशी ती काठाने चालत फिरायची. मी बरोबर जायचो आणि जिथे सावली मिळेल तिथे पुस्तक काढून बसायचो. ती चिखलाने भरलेले बूट घेऊन परत यायची आणि म्हणायची, “इथेही नाही.”

साहेब वैतागले होते. ते एकदा घरी आले तेव्हा मला म्हणाले, “सर, तुम्ही तरी सांगा. माणसं असलेल्या गावात कुठेही जा, प्रत्येक जागेवर कोणाचं ना कोणाचं काहीतरी वाळत असतंच.”

“म्हणून बघून यावं लागतं,” पत्नी चहा देत म्हणाली.

“मॅडम, आपण बोगदा आखतोय, सोयरीक जुळवत नाही.”

“ती झालीय जुळून.”

साहेबांनी चहा घेतला. चहाबरोबर शेव होती. बशीच्या शेजारी चुकून सोड्यांची वाटी राहिली होती, त्यातलाही एक त्यांनी तोंडात टाकला आणि काय आहे ते विचारलं नाही.

शेवटी खाडीच्या काठाने थोडं खाली, एका बंद कारखान्याची जागा निघाली. पडकी शेड, भिंत, भिंतीआड वाढलेलं रान. तिथे काही वाळत नव्हतं. ती तीनदा जाऊन आली; उन्हाळ्यात, पावसात आणि पावसानंतर. पहिल्या चुकीनंतर तिचा एका ऋतूवर विश्वास उरला नव्हता. तिथून रेघ नेली तर ती खळ्याला वळसा घालून खाडीत उतरत होती. पण त्या वळशाखाली दगड कसा आहे हे माहीत नव्हतं. बोअर मारावे लागणार होते. साहेब नाही म्हणाले, मग बघू म्हणाले, मग एक दिवस काही न बोलता त्यांनी सही केली.

नमुने लाकडी पेट्यांतून येतात. दगड चांगला असला तर लांब, सलग कांड्या निघतात. कुजका असला तर चुरा. नमुने आले त्या संध्याकाळी ती घरी आली, बूट काढले आणि दारातच म्हणाली, “कांड्या अख्ख्या आल्या.”

रविवारी तिने जेवायच्या टेबलावर नकाशा पसरला. तो सारखा गुंडाळला जात होता, म्हणून मी चार कोपऱ्यांवर शब्दकोशाचे खंड ठेवले. तिने तांबड्या पेन्सिलीने रेघ काढली. ऑफिसात ती कॉम्प्युटरवर काढलेली होतीच. पण मोठ्या माणसांना दाखवायची तर हाताने काढलेली बरी, असं तिचं मत होतं. ती पुसता येईल असं त्यांना वाटतं आणि मग ते पुसत नाहीत.

“मंगळवारी मांडते,” ती म्हणाली. “मान्य झालं तर तशीच कोळीवाड्यात जाईन. यायला उशीर होईल.”

“आणि नाही झालं तर?”

“तरी जाईन. सांगायचं कबूल केलंय. मान्य होईल असं कुठे कबूल केलंय?”

मंगळवारी ती गेली.

दुपारी तिला घरी आणलं. सवाष्ण गेलेली. हिरवी साडी नेसवायची, ओटी भरायची आणि न्यायचं. साडी माहेरची लागते. ताई माझ्याजवळ येऊन हळू म्हणाली, “माहेरचं तर कोणी नाही. मी माझ्या कपाटातली आणते. नवीन आहे, घडी मोडलेली नाही.” मी बरं म्हणालो. ती वर जायला निघाली तेवढ्यात गेटवरून वॉचमनचा फोन आला. तो ताईने घेतला. स्पीकर चालू होता.

“ताई, मासळीवाल्या बायका आल्यात, सात-आठ जणी. तुमच्याकडे यायचं म्हणतात. मागच्या गेटने पाठवू का?”

“पुढच्या गेटने पाठव,” ताई म्हणाली. “आणि लिफ्ट खाली ठेव त्यांच्यासाठी.”

तराफा ओढणाऱ्या बोटवाल्याने काही कामासाठी ऑफिसात फोन केला होता; तिथे त्याला कळलं होतं. मावशी सगळ्यांच्या पुढे होत्या. त्यांच्या हातात घडी न मोडलेली हिरवी साडी होती. मागच्या बायकांकडे नारळ, बांगड्या, वेणी. इतक्या बायका घरात येऊनही जवळ्याचा वास नव्हता. सगळ्या अंघोळी करून आल्या होत्या.

“लेकीचा लुगरा आनलाय,” मावशी म्हणाल्या.

ताई पुढे झाली. “मी तिची नणंद.”

“तर मंग जरा बाजूला व्ह गो बाय. नेसवायचा मान आमचा.”

ताईला कोणी बाजूला हो म्हटलेलं मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. ती झाली. नंतर तिने कपाटातून आणायची म्हटलेली साडी काही आणली नाही.

मावशींनी साडी नेसवली. ओटी भरताना तांदूळ सावकाश, ओंजळीने घातले. एका बाईने हळू आवाजात काहीतरी विचारलं तेव्हा मावशींनी तिला डोळ्यांनी गप्प केलं. मला वाटलं, आता खळ्याचा विषय निघेल. मी वाट पाहत होतो. नळी दाराच्या मागेच उभी होती. पण जाईपर्यंत कोणी खळ्याचं नाव काढलं नाही. मावशी माझ्यासमोर आल्या, पदर डोक्यावर घेतला, आणि एवढंच म्हणाल्या, “जेवा वेलेवर.”

तेराव्यानंतर साहेब आले. मीटिंग त्यांनी पुढे ढकलली होती. नळी मी त्यांना दिली. त्यांनी नकाशा टेबलावर पसरला, मी सवयीने शब्दकोश आणले. तांबड्या रेघेवर त्यांनी बोट ठेवलं.

“यातलं काही त्या तुमच्याशी बोलल्या होत्या का?” त्यांनी विचारलं.

मी जे ऐकलं होतं ते सांगितलं. पाषाण कुठे वर येतो, वळण का जाणवणार नाही, कारखान्याची जागा तीन ऋतूंत पाहिलेली आहे. ग्रंथालयात इतकी वर्षं काढल्यामुळे मला दुसऱ्याचं म्हणणं न बदलता सांगायची सवय आहे. साहेब टिपून घेत होते. मध्येच थांबून म्हणाले, “सर, मी हे रोज ऐकत होतो. पण आत्ता लिहून घेतोय.”

मीटिंगनंतर त्यांचा फोन आला. “तांबडी घेतली.”

“खळ्यामुळे?”

“खळ्याचा उल्लेख नाही. कारखान्याला लागून मोठा रस्ता आहे, ट्रक सरळ बाहेर पडतात. वाहतुकीची सोय, असं कारण नोंदवलंय.”

मी विचारलं, “तिला हे कारण चाललं असतं का?”

“सर, मीटिंगसाठी आधीच दिलेल्या टिपणात पहिलं कारण तेच होतं. मॅडमनीच लिहिलेलं. खळं शेवटच्या पानावर होतं. तिथपर्यंत कोणी गेलं नाही.”

आता सांगायला जायचं राहिलं होतं. दुसऱ्या कोणाला धाडू नको, असं मावशींनी तिला बजावलं होतं. मी दुसरा कोणीतरीच होतो. ताई म्हणाली, “फोन कर की.” मी म्हणालो, नको. ती म्हणाली, “मग मी येते.” निघायच्या आधी तिने साडी तीनदा बदलली.

मावशींनी आम्हाला पाहिलं आणि आधी खुर्ची मागवली. मी देवळाच्या पायरीवर बसायला लागलो तर चार बायका ओरडल्या. जावई पायरीवर बसत नाही. खुर्ची आली, ती प्लास्टिकची आणि एका पायाने लंगडी होती. मी तिच्यावर तोल सांभाळत बसलो. ताई पायरीवर बसली. तिला कोणी खुर्ची दिली नाही आणि तिने मागितली नाही.

“मावशी,” मी म्हणालो, “तिला स्वतः येऊन सांगायचं होतं. त्या दिवशी ती तिथून इकडेच येणार होती.”

“मना ठाव हाय.”

“म्हणून मी आलोय. तिची रेघ मान्य झाली. तुमच्या खळ्यात शाफ्ट नाही.”

“भोक नाय?”

“नाही.”

“मंग कुठं पारतील?”

“त्या बंद कारखान्याच्या जागेत.”

मावशींनी जरा विचार केला. “तिकरं कोनाचा काय सुकतं का?”

“नाही. तिने तीनदा जाऊन पाहिलं होतं.”

“पावसाला बी?”

“पावसाळ्यातही.”

“मंग झाला,” मावशी म्हणाल्या. त्यांनी खराटा घेतलेल्या बायकांकडे पाहून हात हलवला. एवढ्यावरून त्यांना कळलं असावं. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. एकीने डोळे पुसले आणि जवळा उलटायला लागली, कारण ऊन उतरत होतं.

मग आम्हाला जेवायला बसवलं. भाकरी, भात, कोळंबीचं कालवण. माझ्यासाठी वेगळी बटाट्याची भाजी केली होती. जावई जवळ्याच्या चटणीपुढे जात नाही हे गावात माहीत होतं आणि त्याबद्दल हळहळ व्यक्त होत होती. ताईच्या ताटात मात्र कोणी न विचारता कालवण वाढलं. ती ताटाकडे बघत राहिली.

“काय गो, काटा नाय त्यात,” मावशी म्हणाल्या. “भितेस का?”

“मी कोणाला भीत नाही,” ताई म्हणाली आणि भात कालवला. पूर्ण संपवला. उठताना म्हणाली, “तिखट आहे.”

त्यानंतर बोगद्याचं पुढे काय झालं ते साहेबांकडून अधूनमधून कळतं. एक समिती म्हणाली बोगदा हवा. दुसरी म्हणाली आधी पूल तपासा. तिसरी पहिल्या दोघींचे अहवाल तपासते आहे. साहेब निवृत्त झाले. त्यांच्या जागी आलेल्या बाईंनी मला फोन करून विचारलं की रेघेला मध्येच हा वळसा का आहे. मी त्यांना वाहतुकीचं कारण सांगितलं आणि एकदा खळं पाहून या म्हणालो. त्या जाऊन आल्या की नाही ते मला माहीत नाही.

बोगदा झालेला नाही. खळ्यावर जवळा वाळतो. मी डोंबिवलीत राहतो. गावदेवीच्या जत्रेला मला बोलावणं येतं आणि मी जातो.